तरुणांस येणारी घेरी व मूर्च्छा : कारणे आणि शिक्षकाचे कर्तव्य

खेड्यात कोणी एकाएकी घेरी येऊन पडले, तर डॉक्टरांच्या आधी पुष्कळदा गुरुजींनाच बोलावणे येते. आरोग्य केंद्र दूर असते, शाळा हाकेच्या अंतरावर असते; आणि पडलेला तरुण कालपरवापर्यंत त्याच शाळेचा विद्यार्थी असतो. अशा वेळी रोगाचे निदान करणे हे शिक्षकाचे काम नव्हे. परंतु घडले ते नीट पाहणे, ते डॉक्टरांस नीट सांगणे आणि घातक मूर्च्छेची लक्षणे ओळखून विलंब टाळणे, ही तीन कामे त्यांच्या हातची आहेत. प्रस्तुत पाठ या तीन कामांपुरताच आहे.

१. शब्दांतील भेद

‘चक्कर आली’ हा एकच शब्दप्रयोग तीन निरनिराळ्या अवस्थांना लावला जातो. (अ) आपण स्थिर असता घर गरगर फिरते असे वाटणे, ही भोवळ होय. हिचे मूळ बहुधा कानाच्या अंतर्भागातील, तोल सांभाळणाऱ्या इंद्रियात असते. (आ) डोळ्यांपुढे अंधारी येणे, घाम सुटणे, हातपाय गळणे, ही मूर्च्छेची पूर्वसूचना होय. (इ) शुद्ध हरपून खाली पडणे व थोड्याच वेळात आपोआप शुद्धीवर येणे, ही मूर्च्छा होय. रुग्णाच्या तोंडून नेमके कोणते वर्णन येते हे प्रथम विचारून घ्यावे.

२. मूर्च्छा का येते?

मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्केच असते. परंतु हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा सुमारे १५ टक्के भाग त्यास लागतो. हा पुरवठा सहा ते आठ सेकंद खंडित झाला तरी शुद्ध हरपते. मनुष्य उठून उभा राहिला की अर्धा लिटर किंवा त्याहून अधिक रक्त पोटाकडे व पायांकडे उतरते. निरोगी शरीरात रक्तवाहिन्या आकुंचित होतात, हृदयाची गती किंचित वाढते आणि तोल साधला जातो. हा तोल बिघडला की मनुष्य खाली पडतो. आडवे होताच रक्त पुन्हा मेंदूकडे येते. म्हणून पडणे हा एका अर्थी निसर्गाचाच उपाय आहे. मूर्च्छित व्यक्तीला धरून बसते करणे म्हणजे या उपायात अडथळा आणणे होय.

३. तरुण वयातील कारणे

(क) साधी मूर्च्छा : तरुणांत सर्वाधिक आढळणारा हा प्रकार आहे. फार वेळ उभे राहणे, उकाडा, गर्दी, रक्त पाहणे, सुई टोचणे, तीव्र वेदना किंवा भय यांमुळे नाडी एकदम मंदावते व रक्तवाहिन्या सैल पडतात. यास ‘व्हेसोव्हेगल’ मूर्च्छा म्हणतात. हे नाव ब्रिटिश हृदयरोगतज्ज्ञ सर टॉमस लुईस यांनी १९३२ साली योजले. ही मूर्च्छा स्वतः घातक नसते; भय असते ते पडून इजा होण्याचे.

(ख) उभे राहताच रक्तदाब उतरणे : जुलाब, उलट्या, ताप, अति घाम किंवा काही औषधे यांमुळे असे घडते. उभे राहिल्यापासून तीन मिनिटांत वरचा रक्तदाब २० अंकांनी किंवा खालचा १० अंकांनी उतरला, तर डॉक्टर हा दोष मानतात.

(ग) रक्तक्षय : २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी शंभरात सुमारे ५४ जणींत रक्तक्षय आढळला. थकवा, दम लागणे, वारंवार अंधारी येणे ही त्याची लक्षणे होत. रक्ततपासणी सोपी आहे. ती टाळू नये.

(घ) रक्तातील साखर उतरणे : निरोगी तरुण एका उपवासाने सहसा बेशुद्ध होत नाही, त्यास अशक्तपणा व अंधारी येते. इन्सुलिन घेणाऱ्या मधुमेही तरुणाची गोष्ट वेगळी. त्याने जेवण चुकविल्यास खरा धोका संभवतो.

(ङ) भोवतालची कारणे : उष्माघात, बंद खोलीत पेटलेल्या कोळशाच्या शेगडीचा विषारी वायू, आणि कीटकनाशकांची फवारणी. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर दगावले, हे विसरू नये.

(च) अंतर्गत रक्तस्राव : विवाहित तरुणीस पाळी चुकल्यानंतर ओटीपोटात तीव्र वेदना होऊन घेरी आली, तर गर्भ गर्भाशयाबाहेर राहिल्याची शंका घ्यावी. येथे एक तासही गमावू नये.

(छ) फेफरे : जिभेची कड चावली जाणे, दीर्घकाळ झटके येणे व नंतर बराच वेळ भ्रमिष्टपणा राहणे ही याची चिन्हे. मात्र साध्या मूर्च्छेतही काही सेकंद हातपाय थरथरतात. तेवढ्यावरून फेफऱ्याचा शिक्का मारू नये. त्या शिक्क्याने एखाद्या मुलीचे लग्न अडते, एखाद्या मुलाची नोकरी जाते.

(ज) हृदयाचे विकार : हृदयाच्या स्नायूंची जन्मजात जाडी, किंवा हृदयाच्या विद्युत्प्रवाहातील दोष. हे प्रकार विरळ आहेत. पण प्राणघातक आहेत.

४. दोन प्रसंगांची तुलना

एक तरुण ध्वजवंदनाच्या वेळी उन्हात अर्धा तास उभा आहे. त्यास मळमळ व घाम सुटून अंधारी येते, तो पडतो आणि मिनिटभरात सावध होतो. दुसरा पोलीस भरतीसाठी रोज सोळाशे मीटर धावण्याचा सराव करतो. तो धावता धावता, कोणतीही पूर्वसूचना नसता कोसळतो आणि मिनिटभरात उठून बसतो. बघ्यांना दोन्ही प्रसंग सारखेच भासतात. ‘काही खाल्ले नसेल’ असे म्हणून दोघांनाही साखरपाणी दिले जाते. वस्तुतः पहिल्यास बहुधा विश्रांती पुरेशी आहे. दुसऱ्याचा सराव त्याच दिवशी थांबवून ई.सी.जी. व हृदयतपासणी करविणे अत्यावश्यक आहे. पुढची मूर्च्छा कदाचित शेवटची ठरेल.

म्हणून पुढील पाच खुणा पाठ असाव्यात : श्रम करताना आलेली मूर्च्छा, पूर्वसूचनेवाचून आलेली मूर्च्छा, छातीत दुखणे किंवा धडधडणे, आडवे असता आलेली मूर्च्छा, आणि घराण्यात कोणी तरुणपणी अकस्मात मरण पावल्याचा इतिहास. यांपैकी एकही आढळल्यास डॉक्टरांकडे धाडण्यास विलंब करू नये.

५. प्रथमोपचार

(१) जमिनीवर उताणे निजवून पाय सुमारे एक फूट उंच करावेत, कपडे सैल करावेत, गर्दी हटवावी. (२) पूर्ण शुद्ध येईपर्यंत तोंडात पाणी, साखर, काहीही घालू नये. कांदा वा चप्पल हुंगविण्याने लाभ नाही. (३) उलटी होत असल्यास कुशीवर वळवावे. (४) एक-दोन मिनिटांत शुद्ध न आल्यास १०८ क्रमांकावर दूरध्वनी करून रुग्णवाहिका मागवावी. (५) श्वास नीट चालत नसल्यास छातीच्या मध्यभागी मिनिटास १०० ते १२० या गतीने जोरदार दाब देणे तत्काळ सुरू करावे व दुसऱ्याकडून १०८ ला कळवावे. (६) सावध झाल्यावरही दहा-पंधरा मिनिटे निजू द्यावे.

‘बाहेरची बाधा’ म्हणून रुग्णास मारणे, बांधणे वा धुरी देणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. शिक्षकांनी ही गोष्ट ग्रामस्थांस शांतपणे, पण निःसंदिग्ध शब्दांत समजावून द्यावी.

६. डॉक्टरांस द्यावयाची माहिती

पडण्यापूर्वी व्यक्ती काय करीत होती. काही पूर्वसूचना होती काय. किती वेळ बेशुद्ध होती. चेहरा फिका की निळसर होता. झटके आले काय. सावध झाल्यावर बोलणे स्पष्ट होते काय. कोणती औषधे चालू आहेत. ही सात उत्तरे कागदावर लिहून रुग्णासोबत द्यावीत. रुग्णाने स्वतःची मूर्च्छा पाहिलेली नसते. पाहणाऱ्याची साक्ष हीच निदानाची पहिली पायरी होय.

अभ्यासासाठी प्रश्न

१. मूर्च्छित व्यक्तीला बसते का करू नये?
२. उभे असता व धावत असता आलेल्या मूर्च्छेत कोणता भेद मानावा?
३. केंद्र संमेलनात दोन शिक्षकांनी रुग्ण व मदतनीस होऊन प्रथमोपचाराचे प्रात्यक्षिक करून दाखवावे.