उकिरड्याची दैना

(द्वितीय वर्ष, कला)

'उकिरड्याची दैना बारा वर्षांनी फिटते' अशी एक जुनी म्हण आपल्याकडे आहे. वाईट दिवस आलेल्या माणसाला धीर देताना वडीलधारी मंडळी ती वापरतात. परंतु खऱ्याखुऱ्या उकिरड्याची दैना खरोखर फिटते काय, आणि फिटत असेल तर ती फेडतो कोण, हा प्रश्न मला गेल्या वर्षी पडला. त्याचे उत्तर शोधता शोधता हा लेख तयार झाला. मी भूगोलाचा विद्यार्थी आहे, तज्ज्ञ नव्हे. उणेअधिक असल्यास प्राध्यापकवर्गाने सांभाळून घ्यावे.

प्रश्न पडण्याचे निमित्त साधे होते. माझी आई सफाळ्याहून पहाटेच्या गाडीने भाजी घेऊन दादरला जाते. एके दिवशी मी तिच्याबरोबर पाट्या उचलायला गेलो. भाजी लवकर संपली, म्हणून आम्ही शीवला उतरून माहीमचे निसर्ग उद्यान पाहायला गेलो. भूगोलाच्या तासाला त्याचे नाव ऐकले होते. आत शिरताच रस्त्याचा गोंगाट मागे राहिला. दाट सावली, पायाखाली पालापाचोळा, पलीकडे मिठी नदीच्या काठची तिवरे. या झाडांखाली मुंबईचा कचरा गाडलेला आहे, असे सांगितल्यावर आईला ते खरे वाटेना. थोड्या वेळाने ती म्हणाली, "कचऱ्यावर एवढी झाडं होतात, तर मग आपल्या ओढ्याला काय झालंय?"

त्या प्रश्नाचे उत्तर मला देता आले नाही.

नदीकाठ पडीक का होतो?

मानवी संस्कृती नदीकाठी वाढली हे आपण शाळेपासून शिकतो. मग त्याच नदीचा काठ शहरात सर्वांत घाणेरडा का असतो? पूर्वी नदी हा पाणवठा होता. पिण्याचे पाणी तेथूनच येई, त्यामुळे पाणवठा बिघडवणाऱ्याला साऱ्या गावाचे बोल खावे लागत. घरात नळ आला आणि गावाने नदीकडे पाठ फिरवली. घरांची तोंडे रस्त्याकडे झाली, मोऱ्या नदीकडे गेल्या. काठाची जमीन सखल, पावसाळ्यात बुडणारी, म्हणून घरबांधणीला नकोशी. जी जमीन कोणालाच नको ती कचऱ्याला सोयीची. पहिली पाटी कोणी टाकली हे कळत नाही, आणि दुसरी टाकणाऱ्याला पहिलीचा आधार मिळतो. सर्वांची जमीन ती कोणाचीच नाही, असे होऊन बसते.

माहीमची सतरा वर्षे

मिठी नदी विहार आणि पवई तलावांच्या सांडव्यातून निघते आणि सुमारे १८ किलोमीटर वाहून माहीमच्या खाडीला मिळते. तिच्या दक्षिण तीरावर, धारावीला लागून, सुमारे ३७ एकरांची कचराभूमी होती. तेथे कचरा टाकणे १९७७ च्या सुमारास थांबले. या जागेवर इमारती न उठवता निसर्ग उद्यान करावे, ही कल्पना जागतिक वन्यजीव निधीच्या भारतीय शाखेने मांडली, आणि मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने ते काम हाती घेतले. १९८३ मध्ये थोर पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सलीम अली यांच्या हस्ते पहिले रोप लावले गेले. २२ एप्रिल १९९४ रोजी, वसुंधरा दिनी, उद्यान लोकांसाठी खुले झाले.

या तीन सालांकडे वाचकांनी नीट पाहावे. कचरा थांबल्यापासून दार उघडेपर्यंत सतरा वर्षे गेली. म्हणीतल्या बारा वर्षांपेक्षाही पाच अधिक! ज्यांनी पहिले रोप लावले ते सलीम अली १९८७ मध्ये निवर्तले. उद्यान खुले झालेले त्यांना पाहता आले नाही.

एवढा वेळ का लागतो? कचरा म्हणजे माती नव्हे. तो आत कुजत राहतो, खचत राहतो आणि त्यातून मिथेनसारखे वायू निघतात. मुळांना हवा मिळत नाही. म्हणून वर मातीचा थर द्यावा लागतो आणि तग धरणारी झाडे निवडावी लागतात. मग त्यांचाच पाला गळून कुजतो आणि नवी माती तयार होऊ लागते. म्हणजे काही काळानंतर झाडे स्वतःची जमीन स्वतः करतात. परंतु तोपर्यंत त्यांना राखणारा माणूस लागतो.

गाव आणि राव

'गाव करी ते राव न करी' अशी आणखी एक म्हण आहे. ती माहीमला लागू पडते काय? हे उद्यान सर्वस्वी लोकांनी केले, असे म्हणणे खरे ठरणार नाही. कल्पना निसर्गप्रेमींची, पण अंमल सरकारी प्राधिकरणाचा. रावाशिवाय ते झाले नसते. मात्र गोष्ट येथे संपत नाही. धारावीच्या पुनर्विकासाची योजना पुढे आली तेव्हा हे उद्यानही त्यात जाईल की काय, अशी भीती निर्माण झाली. जागरूक नागरिकांनी आवाज उठवला, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले, आणि उद्यान प्रकल्पाचा भाग नसल्याचे २०२३ मध्ये तेथे सांगण्यात आले. उद्यान रावाने उभे केले, पण त्याच्यावर डोळा ठेवला तो गावाने.

गाव स्वतःच आरंभ करते अशीही उदाहरणे आहेत. न्यूयॉर्कमधील ब्राँक्स हा भाग श्रीमंतांचा नव्हे. तेथील ब्राँक्स नदीत मोटारींचे सांगाडे आणि टायर पडलेले असत. ते काढण्यासाठी रहिवासी १९७४ पासून संघटित झाले. पुढे त्याच भागात वाढलेल्या माजोरा कार्टर या तरुणीला कुत्र्याला फिरवताना एका बेकायदा उकिरड्यापलीकडे नदी दिसली. १०,००० डॉलरच्या छोट्या अनुदानावर तेथे काम सुरू झाले आणि अखेर सुमारे ३० लाख डॉलर खर्चाचे उद्यान झाले. २००७ मध्ये त्या नदीत बीव्हर हा प्राणी दिसला. शहरातून तो सुमारे दोनशे वर्षांपूर्वी नाहीसा झाला होता.

परदेश दूरचा वाटत असेल तर पुण्याकडे पाहावे. तेथे 'जीवितनदी' ही संस्था २०१४ पासून काम करते. तिने नागरिकांना नदीचा एकेक तुकडा दत्तक घ्यायला सांगितले. विठ्ठलवाडीला मुठेच्या काठी माणसे नेमाने जमतात, कचरा वेचतात, झाडे आणि पक्षी ओळखायला शिकतात. साऱ्या नदीचा भार कोणा एकाला पेलणार नाही. पण आपला तुकडा पेलता येतो. मला या साऱ्या अभ्यासात हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटली.

आपला ओढा

आता आईच्या प्रश्नाकडे येतो. आमच्या पाड्याजवळून एक ओढा वाहतो आणि शेवटी वैतरणेच्या खाडीला मिळतो. माझी आजी त्यात निवटे आणि चिंबोऱ्या धरायची. आज त्याच्या काठी प्लॅस्टिकच्या पिशव्या अडकलेल्या असतात, आणि त्यांतल्या काही आमच्याही घरच्या आहेत हे मला कबूल केले पाहिजे. दोन वर्षांपूर्वी आम्ही मुलांनी तेथे रोपे लावली, छायाचित्र काढले आणि घरी गेलो. उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर पाहिले तेव्हा आधाराच्या काठ्या उभ्या होत्या, रोपे नव्हती. आम्ही वृक्षारोपण केले होते, वृक्षसंगोपन केले नव्हते.

आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेला मी पहिलाच. शिकलेल्या माणसाने गावासाठी काय करावे, असे लोक विचारतात तेव्हा मोठी उत्तरे सुचतात. मला आता एक लहान उत्तर सुचते. पहिली गोष्ट, ती जमीन कोणाच्या नावावर आहे हे सातबाऱ्यावर पाहावे. दुसरी, ग्रामसभेत उभे राहून तेथे कचरा टाकू नये असा ठराव मागावा, आणि कचरा मग कोठे टाकायचा हेही विचारावे. कारण दुसरी जागा दिल्याशिवाय कोणी पहिली सोडत नाही. तिसरी, शंभर पावलांचा एकच तुकडा निवडावा आणि मार्च ते जून पाणी कोण घालणार त्यांची पाळी एका वहीत लिहून ठेवावी.

ती वही मी आणली आहे. पहिल्या पानावर माझे आणि आईचे नाव लिहिले आहे. आई म्हणाली, रविवारी तिची गाडी नसते, म्हणून रविवार तिचा. सतरा वर्षांनी मी छत्तीस वर्षांचा असेन. तोवर वहीची बाकीची पाने भरायची आहेत. ज्या मित्रांना आपले नाव घालायचे असेल त्यांनी भूगोल विभागाबाहेर मला जरूर भेटावे.