तिम्बुलस्लोको : बुडत्या गावाचा अभ्यास

इंडोनेशियाचे नाव निघाले की धम्माच्या अभ्यासकापुढे प्रथम बोरोबुदूर उभे राहते. मध्य जावा प्रांतातील हा महास्तूप शैलेंद्र राजवटीच्या काळात, इसवी सनाच्या आठव्या-नवव्या शतकांत उभारला गेला. त्याच्या सर्वांत खालच्या पायावर १६० शिल्पपट कोरलेले आहेत. माणसाच्या कोणत्या कृतीतून कोणते फळ निपजते, हे त्यांत दाखविले आहे. पुढे या पायाभोवती दगडांचे रुंद आवरण रचले गेले आणि सारे पट झाकले गेले. भाराने इमारत घसरू नये म्हणून तसे केले असावे, असे अनेक अभ्यासक मानतात. १८८५ मध्ये या पटांचा शोध लागला, नंतर त्यांची छायाचित्रे घेण्यात आली आणि पाया पुन्हा झाकण्यात आला. आज आग्नेय कोपऱ्यातील मोजकेच पट पाहावयास मिळतात.

याच प्रांताच्या उत्तर किनाऱ्यावर तिम्बुलस्लोको नावाचे एक लहान गाव आहे. तेथे पर्यटक फारसे जात नाहीत. गेल्या दोन-तीन दशकांत या गावाची शेते, वाटा आणि कबरस्तान समुद्राच्या पाण्याखाली गेले आहे. गाव का बुडते, हे शोधणे हा कार्यकारणभावाचा अभ्यास आहे. त्याची किंमत कोण मोजतो, हे पाहणे हा न्यायाचा अभ्यास आहे. प्रस्तुत लेखात या दोन्ही अंगांनी विचार करावयाचा आहे.

गावाची ओळख

तिम्बुलस्लोको हे देमाक जिल्ह्याच्या सायुंग तालुक्यात, सेमारांग या मोठ्या बंदरशहराच्या पूर्वेस आहे. गावाच्या नावातील ‘तिम्बुल’ या शब्दाचा अर्थ ‘वर येणे’ असा होतो. हा सारा प्रदेश नद्यांनी आणलेल्या गाळाने घडलेला आहे. पंधराव्या-सोळाव्या शतकांत देमाक हे जावामधील एका बलाढ्य सल्तनतीचे केंद्र आणि गजबजलेले बंदर होते. पुढे गाळ साचत गेला, समुद्र दूर हटला आणि देमाक शहर किनाऱ्यापासून आत राहिले. म्हणजे ज्या भूमीविषयी आपण बोलत आहोत, ती भूगर्भशास्त्राच्या मापाने अगदी कोवळी, मऊ चिकणमातीची भूमी आहे.

इंडोनेशियात गावाला ‘देसा’ म्हणतात आणि देसाच्या अंतर्गत ‘दुसुन’, म्हणजे वाड्या, असतात. गावप्रमुख मतदानाने निवडला जातो. २०१४ च्या ग्रामविषयक कायद्यानंतर देशाच्या तिजोरीतून गावांना थेट निधी मिळू लागला. येथील लोक जावानीज भाषा बोलतात आणि बहुतेक सर्व इस्लामधर्मीय आहेत. वयस्कर माणसे पूर्वीच्या भातशेतीच्या आणि नारळीच्या झाडांच्या आठवणी सांगतात. नंतर शेताच्या जागी मत्स्यतळी आली. आज तळ्यांच्या जागी समुद्र आहे. एकाच पिढीने शेतकरी, तळेवाला आणि मच्छीमार असे तीन व्यवसाय पाहिले, आणि यांतील दुसरा बदल त्यांनी काही प्रमाणात स्वतः निवडला असला तरी तिसरा त्यांच्यावर लादला गेला.

पाण्यासोबतचे दैनंदिन जीवन

भरतीच्या पाण्याने होणाऱ्या पुराला तेथे ‘रोब’ म्हणतात. पावसाळी पूर येतो आणि ओसरतो. रोब मात्र भरतीबरोबर पुनःपुन्हा येतो. आरंभी तो अंगणापर्यंत येत असे, मग उंबऱ्यापर्यंत आला, मग घरात शिरून मुक्कामच करू लागला.

लोकांनी त्यावर शोधलेला उपाय साधा आणि खर्चिक आहे. घरात भराव घालून जमीन उंच करावयाची. काही वर्षांनी पाणी पुन्हा वर येते, पुन्हा भराव घालावा लागतो. छप्पर मात्र जागीच राहते. त्यामुळे जमीन आणि छप्पर यांतील अंतर कमी होत जाते, दारे खुजी होतात आणि मोठ्या माणसाला स्वतःच्या घरात वाकून चालावे लागते. भरावासाठी पैसा उरत नाही तेव्हा घरातच लाकडी खांबांवर फळ्यांचा माळा बांधून कुटुंब त्यावर राहू लागते. खाली पाणी, वर चूल आणि अंथरुणे. आपल्याकडे माणूस घर वाढवतो ते संसार वाढला म्हणून. तेथे तो आयुष्याची मिळकत घराला आहे त्याच पातळीवर ठेवण्यासाठी खर्च करतो.

गावातील रस्ते पाण्याखाली गेल्यावर फळ्यांचे लांबच लांब साकव उभारण्यात आले. शाळेत जाणारी मुले, बाजारहाट करणाऱ्या स्त्रिया, नमाजाला निघालेली वृद्ध माणसे यांची वाट तीच. अशा कामांत ‘गोतोंग रोयोंग’ या परंपरेचा, म्हणजे सर्वांनी मिळून हात लावण्याच्या रीतीचा, मोठा आधार असतो. कबरस्तान बुडाले तेव्हा दफन करण्यासाठी ओहोटीची वाट पाहावी लागे. अखेर गावकऱ्यांनी चिखल-मातीचा भराव घालून ते उंच केले. जिवंतांच्या घरांना पैसा अपुरा पडत असताना मृतांच्या जागेसाठी एकत्र येणारे हे लोक केवळ निवाऱ्यासाठी झगडत नाहीत, ते गाव म्हणून टिकू पाहत आहेत, हे यावरून ध्यानात येते.

उपजीविकेसाठी पुरुष लहान होड्यांतून मासे, कोळंबी व खेकडे पकडतात आणि शिंपले गोळा करतात. अनेक तरुण-तरुणी सेमारांग आणि सायुंगच्या कारखान्यांत कामाला जातात. ज्यांना शक्य झाले त्यांनी गाव सोडले. शेजारच्या बेदोनो गावातील तांबाकसारी आणि सेनिक या वाड्यांतील बहुसंख्य कुटुंबांचे अनुक्रमे १९९९ च्या सुमारास व २००६ मध्ये स्थलांतर करण्यात आले. तांबाकसारीजवळ शेख अब्दुल्ला मुदझाकिर या धर्मगुरूंची कबर आजही भोवतालच्या समुद्रात उभी आहे आणि भाविक पायवाटेने तेथे जातात. तिच्या भोवती कांदळवन आहे, ही गोष्ट पुढील विवेचनासाठी लक्षात ठेवण्याजोगी आहे.

कारणांची साखळी

‘समुद्र वाढला म्हणून गाव बुडाले’, हे उत्तर सोपे आहे, पण अपुरे आहे. तापमानवाढीमुळे जगातील समुद्राची पातळी वर्षाला सुमारे तीन-चार मिलिमीटर वाढते आहे. सेमारांग-देमाक किनाऱ्यावर काही ठिकाणी जमीन मात्र वर्षाला आठ-दहा सेंटिमीटरपर्यंत खचते आहे. समुद्र मिलिमीटरने वर येतो आणि जमीन सेंटिमीटरने खाली जाते. तेव्हा प्रश्न असा विचारावा लागतो : जमीन का खचते?

कोवळी चिकणमाती स्वतःच्या वजनानेही काही प्रमाणात दबते. परंतु मोठे कारण भूजलाचा उपसा हे आहे. भूगर्भातील थरांच्या सूक्ष्म पोकळ्यांत असलेले पाणी वरच्या मातीचा भार अंशतः पेलून धरते. कारखाने आणि वाढती वस्ती खोल विहिरींतून ते पाणी खेचून घेतात तेव्हा पोकळ्या आवळल्या जातात आणि वरची जमीन खाली बसते. चिकणमातीचे थर एकदा असे आवळले की नंतर पाणी भरूनही ते पूर्ववत फुलत नाहीत. गावकरीही खोल विहिरींचेच पाणी पितात, कारण त्यांच्यापुढे दुसरी सोय नसते. पण घरगुती वापर आणि उद्योगांचा उपसा यांची बरोबरी होऊ शकत नाही.

दुसरी कडी कांदळवनाची. चिखलाच्या किनाऱ्यावर लाटा माती नेतात आणि भरती माती आणते. तिवरासारख्या झाडांची मुळे लाटांचा जोर मोडतात व गाळ धरून ठेवतात. त्यामुळे ही देवघेव समतोल राहते. १९८० मध्ये इंडोनेशियाने ट्रॉलरने मासेमारी करण्यावर बंदी घातली. लहान मच्छीमारांच्या दृष्टीने हा निर्णय न्याय्य होता. पण निर्यातीची कोळंबी मिळावी म्हणून तळ्यांतील संवर्धनाला प्रोत्साहन मिळाले आणि जावाच्या किनाऱ्यावरील कांदळवने झपाट्याने तुटली. तळ्यांचे बांध थेट समुद्राच्या काठापर्यंत गेले. काही वर्षे उत्पन्न उत्तम आले. १९९० च्या दशकात रोगांनी कोळंबी मरू लागली. झाडे गेलेलीच होती, आता उत्पन्नही गेले. उघडे पडलेले बांध लाटांनी फोडले आणि तळी समुद्राला मिळाली.

सेमारांगच्या किनाऱ्यावर समुद्रात पुढे गेलेली बंदराची बांधकामे आणि भरावाच्या जमिनी ही तिसरी कडी. काठाने वाहणारा गाळ त्यांमुळे अडतो आणि पूर्वेकडील गावांना तो पुरेसा मिळत नाही.

भगवान बुद्धांनी सांगितलेला प्रतीत्यसमुत्पादाचा सिद्धान्त आपल्याला हेच शिकवतो की कोणतीही घटना एकाकी नसते. ती अनेक हेतू आणि प्रत्ययांच्या संयोगातून उद्भवते. तिम्बुलस्लोकोच्या बाबतीत दैवाला वा ईश्वरी कोपाला जागा उरत नाही. प्रत्येक कडीमागे कोणाचा तरी निर्णय आहे. काही निर्णय गावकऱ्यांचे, बहुतेक त्यांच्या आवाक्याबाहेरचे. या सिद्धान्तात आशाही सामावलेली आहे : जे कारणांतून उद्भवते, ते कारणे दूर केल्याने थांबू शकते.

उपायांचा प्रयोग

चिखलाच्या किनाऱ्यावर सिमेंटची भिंत घातली तर लाट तिच्यावर आपटून परत फिरते आणि पायथ्याचा गाळ उकरून नेते. त्यामुळे देमाकच्या किनाऱ्यावर वेगळा मार्ग अवलंबिण्यात आला. बांबूच्या दोन रांगा रोवून त्यांच्यामध्ये फांद्या-काटक्या भरावयाच्या. अशा झिरपत्या बांधातून लाट आत येते, पण तिचा जोर ओसरतो आणि पाण्यातील गाळ मागे खाली बसतो. गाळ पुरेसा उंच झाला की कांदळाची बीजे आपोआप रुजतात. इंडोनेशियाचे शासन, वेटलँड्स इंटरनॅशनल ही संस्था आणि नेदरलँड्समधील तज्ज्ञ यांनी गावकऱ्यांसह हे काम केले. तळी सांभाळणाऱ्या शेतकऱ्यांसाठी बांधावरच्या शाळा भरल्या. रसायनांवाचून संवर्धन कसे करावे, हे ते एकमेकांच्या तळ्यांवर जाऊन शिकले. डिसेंबर २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी जगातील पहिल्या दहा पथदर्शी पुनर्स्थापना उपक्रमांत या कार्याची निवड केली.

तथापि, मर्यादाही स्पष्ट आहेत. लाकूड पोखरणारे सागरी जीव बांबू खातात आणि बांध पुन्हा उभारावे लागतात. शिवाय, जमीन ज्या वेगाने खचते त्या वेगाने गाळ साचत नाही. कांदळवन लाट अडवू शकते. कारखान्याचा पंप अडवू शकत नाही. जेथे एक कारण तसेच राहते, तेथे इतर कारणांवरचा उपाय अपुरा ठरतो.

हक्क की दया?

इंडोनेशियाच्या १९६० च्या कृषिभूमी कायद्यानुसार जमीन नष्ट झाली की तिच्यावरील मालकीही संपते. म्हणजे समुद्राने शेत गिळले की शेतकऱ्याच्या पेटीतील मालकीपत्र हा केवळ कागद उरतो. सेमारांग आणि देमाक यांना जोडणाऱ्या द्रुतगती मार्गाच्या निमित्ताने हा प्रश्न तीव्र झाला. या मार्गाचा सायुंग ते देमाक हा टप्पा २०२३ मध्ये खुला झाला; सेमारांगकडील टप्प्यात रस्त्याबरोबरच समुद्रभिंतही बांधली जात आहे. त्यासाठी लागणारी कित्येक तळी पाण्याखाली होती. ती ‘नष्ट भूमी’ ठरली तर मालकाला मोबदला मागण्याचा हक्क राहत नाही. त्याऐवजी सानुग्रह रक्कम मिळते. तेथे तिला जे नाव आहे, त्याचा अर्थच ‘दयेचा निधी’ असा होतो.

येथे आपल्याला थांबून विचार करावा लागतो. १९२७ मध्ये महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सत्याग्रह केला, तो कोणाच्या दयेने ओंजळभर पाणी मिळावे म्हणून नव्हता. माणूस म्हणून असलेला हक्क प्रस्थापित करण्यासाठी होता. तिम्बुलस्लोकोच्या प्रदेशात पाण्याचा प्रश्न उलट्या स्वरूपात उभा आहे : पाणी नको तेथे आले आहे. पण मूळ प्रश्न तोच आहे. ज्यांनी जमीन बुडविली नाही, त्यांनी बुडालेल्या जमिनीसाठी हात पसरावा, की हक्काने उत्तर मागावे? भिंतीच्या आत कोणाला घ्यावयाचे आणि बाहेर कोणाला ठेवावयाचे, हे ठरविताना त्यांचा शब्द ऐकला जावा की नाही?

आपल्या किनाऱ्याकडे पाहताना

कोकणच्या खाड्यांकाठी खाजणे आहेत, पिढ्यानुपिढ्या राखलेल्या खारबंदिस्ती आहेत आणि तिवरांची वने आहेत. महाराष्ट्र शासनाने २०१२ मध्ये स्वतंत्र कांदळवन कक्ष स्थापन केला, हे योग्यच झाले. कोकणचा खडकाळ किनारा आणि जावाचा चिखलाचा किनारा यांची तुलना सरसकट करता येत नाही. मात्र खाडीतील तिवर तोडून तळे खणताना, किंवा खारबांधाची डागडुजी वर्षानुवर्षे टाळताना, कारणांची साखळी आपणही जुळवत असतो.

बोरोबुदूरच्या पायाचे पट झाकले गेले तरी त्यांतील कार्यकारणाचा नियम झाकला गेला नाही. किनाऱ्यावरील गाव तोच नियम रोज अनुभवते. करुणा ही दुःख पाहून हळहळण्याने पूर्ण होत नाही; दुःखाचे कारण शोधणे आणि ते दूर करण्याच्या कामात उभे राहणे, हा तिचा उत्तरार्ध आहे. निवासी शाळेत एकत्र राहून शिकणाऱ्या विद्यार्थ्याने भूगोल, विज्ञान आणि धम्म हे तीन वेगळे तास न मानता एकत्र वाचावेत, असे हे गाव आपल्याला सांगते.

अभ्यासासाठी प्रश्न

१. समुद्राची पातळी वाढणे आणि जमीन खचणे यांतील फरक स्पष्ट करा. तिम्बुलस्लोकोत कोणती गोष्ट अधिक वेगाने घडते?

२. काटक्यांचा झिरपता बांध सिमेंटच्या भिंतीपेक्षा चिखलाच्या किनाऱ्यावर अधिक उपयुक्त का ठरतो?

३. मोबदला आणि सानुग्रह रक्कम यांत नैतिक भेद कोणता? गटात चर्चा करा.

४. आपल्या गावातील विहिरी, ओढा अथवा खाडी यांत गेल्या वीस वर्षांत झालेला एक बदल वडीलधाऱ्यांना विचारून लिहा आणि त्यामागील कारणांची साखळी मांडा.