मंगळ खरंच मागे फिरतो का?



आजचं चिंतन: ज्ञानेश्वरी, अध्याय ४. गीतेच्या १८व्या श्लोकावरच्या ओव्या.

श्लोकाचा विषय अवघड आहे. कर्मात अकर्म पाहायचं आणि अकर्मात कर्म. माउली तो समजावताना साधे दाखले देतात. नावेत बसलेल्या माणसाला काठावरची झाडं पळताना दिसतात, पण नीट पाहिलं की कळतं, झाडं जागच्या जागी आहेत. लगेच पुढे सूर्याचा दाखला येतो: उगवणं-मावळणं दिसतं म्हणून तो चालतो असं वाटतं, पण तो चालत नसतो.

माउलींना इथे खगोलशास्त्र शिकवायचं नाहीये, त्यांना कर्माबद्दल बोलायचं आहे. त्यामुळे "बघा, विज्ञान आपल्याकडे आधीच होतं" अशा फॉरवर्डसाठी या ओव्या वापरायला नकोत. पण नावेचा दाखला आपल्याकडे खगोलातही जुना आहे, हे मात्र खरं. इ.स. ४९९ मध्ये आर्यभटाने पृथ्वीचं स्वतःभोवती फिरणं समजावताना तोच वापरला: नावेतल्याला जसे काठ मागे जाताना दिसतात, तसे आपल्याला स्थिर तारे पश्चिमेकडे जाताना दिसतात.

आज हा विषय घ्यायचं कारण म्हणजे "मंगळ वक्री आहे" हे वाक्य. ऑफर लेटरवर सही करायची असते, घराचं बुकिंग असतं, लग्नाची बोलणी चाललेली असतात आणि कुणीतरी म्हणतं, "सध्या थांब, मंगळ वक्री आहे." पोटात गोळा येतो. म्हणून वक्री म्हणजे नक्की काय, ते एकदा शांतपणे पाहू.

एरवी मंगळ ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर रोज थोडा थोडा पूर्वेकडे सरकतो. पण साधारण २६ महिन्यांनी एकदा तो थांबल्यासारखा दिसतो आणि सुमारे सत्तर दिवस उलटा, पश्चिमेकडे सरकतो. मग पुन्हा सरळ. यालाच वक्री होणं म्हणतात.

का होतं असं? समजा, तुम्ही फास्ट लोकलमध्ये आहात आणि शेजारच्या रुळावर स्लो लोकल त्याच दिशेने चालली आहे. तुमची गाडी तिला मागे टाकते त्या क्षणी, लांबच्या इमारतींच्या पार्श्वभूमीवर ती मागे सरकताना दिसते. प्रत्यक्षात ती पुढेच जात असते. पृथ्वी ही फास्ट लोकल. तिचा वेग सेकंदाला सुमारे ३० किमी, फेरी ३६५ दिवसांची. मंगळ बाहेरच्या कक्षेत, वेग सुमारे २४ किमी, फेरी ६८७ दिवसांची. आपण त्याला ओलांडतो तेव्हा तो वक्री "होतो". त्याने दिशा बदललेली नसते, ब्रेकसुद्धा लावलेला नसतो.

पृथ्वी स्थिर मानून हे उलटं चालणं समजावताना टॉलेमीला वर्तुळावर वर्तुळ चढवावं लागलं. कोडवर पॅच, पॅचवर पॅच, तसंच! १५४३ मध्ये कोपर्निकसने सूर्य मध्ये ठेवला आणि वक्री गतीचं कारण आपोआप उलगडलं. आकाश तेच होतं, फक्त पाहणाऱ्याने आपण स्वतः चालतोय हे मान्य केलं.

आता एक गंमत. आपलं मंगळयान ५ नोव्हेंबर २०१३ ला निघालं आणि २४ सप्टेंबर २०१४ ला पहिल्याच प्रयत्नात मंगळाच्या कक्षेत पोहोचलं. यान वाटेत असताना, मार्च ते मे २०१४ या काळात, मंगळ आकाशात वक्री होता. यानाला त्याने काही फरक पडला नाही. उलट, यान कधी सोडायचं हेही २६ महिन्यांच्या त्याच हिशेबावर ठरतं.

आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट: मंगळ वक्री असतो तेव्हाच तो आपल्या सगळ्यात जवळ आणि सगळ्यात तेजस्वी असतो. एरवी तो ४० कोटी किमीपर्यंत लांब जातो. या काळात ते अंतर १० कोटींच्या आसपास किंवा त्याहूनही कमी होतं. ज्याने पाठ फिरवली असं वाटतं, तोच तेव्हा जवळ आलेला असतो.

साधनेतही असंच होतं ना? "मन लागत नाही, देव दूर गेला." "मित्र पूर्वीसारखा राहिला नाही." असं वाटलं की आधी एक प्रश्न विचारू: मी कुठल्या नावेत बसलोय आणि ती किती वेगात चाललीये? दरवेळी दोष आपलाच असेल असं नाही. पण स्वतःची गती हिशेबात न धरता काढलेलं उत्तर चुकणारच.

घरच्या मोठ्यांशी यावरून वाद घालू नका. त्यांच्या बोलण्यात काळजी असते, तिचा मान ठेवा. निर्णय मात्र कागदपत्रं वाचून, माणसं ओळखून, विचार करून घ्या. भीतीपोटी घेऊ नका.

आजचा अभ्यास: २०२७ च्या जानेवारी ते मार्चमध्ये मंगळ सिंह राशीच्या ताऱ्यांजवळ वक्री दिसेल. फेब्रुवारीत तो सूर्यास्ताच्या सुमारास पूर्वेला उगवेल, लालसर आणि ठळक. जवळचा मघा तारा खूण धरा आणि दर आठवड्याला मंगळाची जागा वहीत मांडा. आई-बाबांनाही गच्चीवर घेऊन जा. उलटा चाललेला मंगळ पाहताना एवढंच आठवा, की चालतोय तो आपल्या पायाखालचा गोळा.

राम कृष्ण हरी!