पेन्सिलीने सापडलेला भोवरा

स्वोर्ड्समध्ये मान वर केली की आधी विमानं दिसतात, मग ढग. पण इथून गाडीने दोनेक तासांवर बर नावाचं गाव आहे. याच ढगाळ देशातल्या त्या गावात एकेकाळी जगातली सर्वांत मोठी दुर्बीण होती! विल्यम पार्सन्स, म्हणजे लॉर्ड रॉस, यांनी ती आपल्या गढीच्या आवारात उभारली. आरसा १.८३ मीटर व्यासाचा, सुमारे तीन टनांचा, आणि तोही काचेचा नव्हे, तर तांबं-कथलाच्या मिश्रधातूचा. डागडुजी केलेली ती दुर्बीण आजही तिथे बघायला मिळते.

१८४५ च्या वसंतात रॉस यांनी तिच्यातून सप्तर्षींतल्या मरीचीजवळचा एम-५१ हा धूसर ठिपका न्याहाळला. आकाशाचे फोटो काढण्याची कला तेव्हा पाळण्यात होती, म्हणून त्यांनी चित्र काढलं. जॉन हर्शेल यांनीही तो आधी रेखाटला होता, पण त्यांच्या चित्रात मधे गोळा आणि भोवती दुभंगलेलं कडं एवढंच आहे. रॉस यांच्या कागदावर भोवऱ्यासारखे वळणारे हात उमटले. दीर्घिकेचा सर्पिल आकार माणसाने टिपला तो असा, आणि ही दीर्घिका आहे हे कळायला आणखी ऐंशीएक वर्षं जायची होती.

नुसतं बघताना 'काहीतरी धूसर आहे' म्हणून चालतं. रेघ ओढायची तर ती कुठे सुरू होते, कुठे विरते, हे ठरवावंच लागतं. मला चित्राचा खरा उपयोग हाच वाटतो, सजावट नंतर.

अर्थात मन डोळ्याला फसवतंही. मृगातला तेजोमेघ सुट्या ताऱ्यांचा बनला आहे, असं रॉस यांना याच दुर्बिणीतून वाटलं होतं. वर्णपटाने पुढे दाखवून दिलं की तो वायूचा ढग आहे.

आता तुमची पाळी. शुद्ध अष्टमीच्या सुमारास, ढगांनी कृपा केली तर, मुलांना घेऊन साध्या द्विनेत्रीतून चंद्र बघा. उजेड-अंधाराच्या सीमेवर सावल्या लांब पडतात, विवरं तिथेच ठळक दिसतात. दोघांनी वेगवेगळ्या कागदांवर, एकमेकांचं न बघता, पंधरा मिनिटं काढा. फोनमधला फोटो आधी बघू नका. जे दिसलं नाही ती जागा कोरी सोडा. तारीख-वेळ लिहा आणि मग दोन्ही कागद शेजारी ठेवा. एकाच कागदावर आलेलं विवर दिसलं, की चंद्र मावळायच्या आत दोघांनी ते पुन्हा शोधायचं.