कार्यकारी मंडळासाठी अर्ज

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात निसर्गसहली नेणाऱ्या उपनगरातील एका छोट्या संस्थेत मी तीन वर्षे स्वयंसेवक आहे. यंदा तिच्या कार्यकारी मंडळातील एक जागा रिकामी झाली आणि सभासदांकडून अर्ज मागविण्यात आले. सूचक मिळाला, अनुमोदकही मिळाला. अडले ते एका प्रश्नापाशी. 'आपण मंडळावर का येऊ इच्छिता?' मी लिहिले, 'मला लहानपणापासून निसर्गाची आवड आहे.' आमचे खजिनदार मुलुंडचे, बँकेतून निवृत्त झालेले. आम्ही सारे त्यांना काका म्हणतो. कागद वाचून ते म्हणाले, "अरे, आवड आहे म्हणून तर तू रविवारी पहाटे फाटकाशी हजर असतोस. त्यासाठी मंडळ कशाला हवे?" आणि संस्थेची घटना, इतिवृत्ताची वही व मागचे ताळेबंद त्यांनी माझ्यापुढे ठेवले.

आपल्यापैकी पुष्कळजण अशा संस्थांबरोबर हिंडतात, पण त्या चालतात कशा, याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. मीही केली नव्हती.

सात किंवा अधिक माणसे एकत्र आली की १८६० च्या कायद्याखाली संस्था नोंदविता येते. महाराष्ट्रात अशी संस्था १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखालीही येते. (या कायद्याच्या नावात पूर्वी 'मुंबई' होते, आता 'महाराष्ट्र' आहे.) मंडळात बदल झाला की नव्वद दिवसांत धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो. हिशेब ठेवणे व तपासून घेणे बंधनकारक आहे, आणि गंभीर कसूर झाल्यास विश्वस्ताला दूर करण्याचा अधिकार आयुक्तांना आहे. हे सारे रूक्ष वाटले. पण कायद्यातील एका अपेक्षेपाशी मी थबकलो. सामान्य शहाणा माणूस स्वतःच्या मालमत्तेची जेवढी काळजी घेतो, तेवढी विश्वस्ताने संस्थेच्या मालमत्तेची घ्यावी. आमच्या संस्थेची मालमत्ता म्हणजे दोन दुर्बिणी आणि एक कपाट. ज्या जंगलावर ती जगते, ते मात्र तिच्या नोंदवहीत कोठेच नाही!

मोठ्या संस्थांची कथाही याहून फार निराळी नाही. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी १५ सप्टेंबर १८८३ रोजी आठ नागरिकांनी स्थापन केली, त्यांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोघे आपले होते. पुढे फिप्सन नावाच्या मद्यव्यापाऱ्याने फोर्ब्ज स्ट्रीटवरील आपल्या दुकानात जागा दिली, तेव्हा संग्रहाला छप्पर मिळाले. सलीम अलींना आपण दुर्बिणीसह ओळखतो. परंतु स्वातंत्र्यानंतर हीच सोसायटी पैशावाचून अडचणीत आली, तेव्हा मदतीसाठी पंडित नेहरूंना पत्र लिहिण्याचे कामही त्यांनीच केले. पक्षी पाहणे राहिले बाजूला, आधी संस्था जगवायची.

आता मूळ गोष्ट. २०२४ मध्ये उद्यानातील कारवी फुलली. ती येथे आठ वर्षांनी फुलते. आधीचा बहर २०१६ चा. बी धरले की झाड वाळते आणि मग त्याच उतारावर रुजलेल्या रोपांतून नवी कारवी उभी राहते. सहलीला तीस माणसे, हा आमचा नियम. त्या रविवारी आम्ही एकोणऐंशी नेली. पुढे मी होतो. वाट एकेरी, प्रत्येकाला फुलांसह छायाचित्र हवे, म्हणून माणसे उतारावर शिरली. मी दोनदा ओरडलो, तिसऱ्यांदा गप्प बसलो. परतताना चुरगळलेल्या फांद्या दिसत होत्या, आणि मंडळावर माझा मनस्वी राग होता.

ताळेबंदाने तो राग अर्धा उतरविला. त्या महिन्याच्या शिलकीतून पालिकेच्या शाळांतील मुलांच्या वर्षभराच्या सहली विनामूल्य झाल्या होत्या. उरलेला अर्धा इतिवृत्ताने वाढविला. तेथे एकच ओळ होती: 'मागणी लक्षात घेता संख्येची मर्यादा शिथिल करण्यात आली.' विरोध कोणाचाही नोंदलेला नाही. मंडळाची मुदत तीन वर्षांची, कारवीची आठ. पुढचा बहर २०३२ चा; तोवर आजचे मंडळ बदललेले असेल, आणि तीच ओळ पुन्हा लिहिणे नव्या मंडळाला तितकेच सोपे जाईल.

म्हणून मी पहिले उत्तर फाडून दुसरे लिहिले. तीसची मर्यादा नियमावलीत घालावी, ती बदलण्याचा अधिकार मंडळाला नसून सर्वसाधारण सभेला असावा. आणि मुलांच्या सहलींसाठी दरवर्षी थोडी रक्कम वेगळी ठेवावी, म्हणजे बहराच्या वर्षी गर्दीवर अवलंबून राहावे लागणार नाही.

काकांनी चष्मा पुसत विचारले, "आणि ही रक्कम आणणार कोठून? वर्गणी वाढवलीस तर घाटकोपरच्या चाळीतली पोरे येणे बंद होईल." याचे पुरते उत्तर माझ्यापाशी नव्हते. अर्जात मी तसेच लिहिले, आणि मागील त्रुटीबद्दल लिहिताना 'मंडळाने' हा शब्द खोडून 'आम्ही' केला. त्या रविवारी पुढे मीच तर होतो. काकांनी पोचपावतीवर सही केली. सभा पुढील महिन्यात आहे. जागा एक, अर्ज चार.