यमूचे पत्र

हरि नारायण आपटे यांची ‘पण लक्षांत कोण घेतो!’ ही कादंबरी १८९० साली निघालेल्या ‘करमणूक’ पत्रातून आली. तिच्यातली यमू नवऱ्याच्या उत्तेजनाने लिहू-वाचू लागते. पुढे ती विधवा होते. घरचे बळजबरीने तिचे केस काढवतात.

समजा, यमूने आजीला पत्र धाडले. आजीला अक्षर येत नाही. पत्र वाचणार शेजारी. मग यमू काय लिहील?

“ती. आजीस शि. सा. नमस्कार. इकडे सर्व खुशाल.”

आजी उलट लिहवून घेईल, “बाळ, जपून राहा.”

दोघींचे दुःख पोटातच!

आम्ही मास्तरकीत अशी पुष्कळ पत्रे वाचून दाखवली. कागदावर खुशाली, ऐकणारीच्या डोळ्यांत पाणी.

बायांनो, आता तुम्हाला वाचता येते. नातीला कळवा, “मोकळेपणी लिही. तुझे पत्र मीच वाचीन.”