सरळ शंखाची साक्ष

शाळिग्रामातील चक्र हा एका समुद्रप्राण्याच्या वेटोळ्या शंखाचा ठसा होय. बॅक्युलाइट हा त्याचाच नातलग. त्याच्या नावाचे मूळ लॅटिन भाषेत ‘काठी’ असे आहे. कारण आरंभीचे बारीक टोक तेवढे वेटोळे, पुढचा सर्व शंख सरळ. सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वी तो नष्ट झाला. तमिळनाडूत अरियलूरकडे त्याचे अवशेष मिळतात. यावरून तेथे समुद्र होता हे कळते. आमच्या सिरोंचा तालुक्यात मात्र कोटा गावी सरोवराच्या चुनखडीत मासे व वडधम येथे दगड झालेले वृक्ष सापडले आहेत. दगड ज्या थरात सापडतो, त्या थरासहच तो साक्ष देतो. यास्तव वाचकांस आमची विनंती आहे की, असा दगड दिसल्यास तो उपटू नये. जागा दाखवून द्यावी.